पंधरा सेंटिमीटर

फर्मागुडीच्या लायब्ररीत कार्ड सापडलं, पुस्तक नाही.
शेवटची सही कुणा सगुण माजिकची.
तो आता मस्कतला रस्ते बांधतो म्हणे,
आपलं पुस्तक घेऊन.

गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे होती
प्रतीच्या प्रतीची प्रत.
नेमका वळणांच्या तक्त्यावर टोनरचा काळा ओघळ:
किमान त्रिज्या नव्वद, की साठ, की तीस?
सर म्हणाले, कोडचं नाव नसलेला आकडा
म्हणजे तिस्कावरची गप्प.

आमचा रस्ता साडेसहा किलोमीटरचा, कागदावर,
बोरीच्या डोंगरामागून शिरोड्याकडे.
चौघांचा गट, त्यातले दोघे सहीपुरते.
उंचीच्या रेषा इतक्या दाट
की तन्वेषा म्हणाली, हा डोंगर नाही गं,
कुणाचा तरी अंगठा आहे.

मग पणजी. आल्तिनोचा चढ, दुपारी अडीचला.
कारकुनाने टेबलफॅन माझ्याकडे वळवला,
म्हणाला, दिल्लीहून मागवा.
मी घाम पुसत उभीच राहिले तेव्हा हळूच:
बेतोड्याला कुस्तोदिओ आहेत, रिटायर्ड.
जा. कुणी गेलेलं त्यांना आवडतं.

हाफपँट, गळ्यात चष्म्याचा दोरा,
पायाशी म्हातारं कुत्रं.
पत्र्याची पेटी उघडली
आणि डांबरगोळ्यांचा वास आला.
रस्त्यांच्या पुस्तकाला दुसरा कुठला शोभणार?
पुस्तक हातात दिलं नाही.
इथेच बसून उतरव, म्हणाले.

तक्ता स्वच्छ होता.
ताशी पन्नास, त्रिज्या नव्वद.
मी आकडा घेतला, कोडचा क्रमांक घेतला, साल घेतलं,
वहीला रबर लावला.
तेव्हा त्यांचं बोट पुढच्या एका ओळीवर आलं:
ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून एक मीटर वीस,
समोरची वस्तू पंधरा सेंटिमीटर.
वस्तू म्हणजे काय, सांग बघू.
मी म्हटलं, वस्तू.
ते हसले नाहीत.

समासात पेन्सिल होती, बारीक, तिरकी:
नारळ, न सोललेला.
कोंबडी, बसलेली.
खचल्या गडग्याचा चिरा.
माणूस, आडवा, थोडा जास्त भरेल.
त्याखालची ओळ खोडलेली,
दोनदा तीनदा, कागद पातळ होईपर्यंत.
उजेडापुढे धरला असता तर वाचता आली असती.
मी धरला नाही.

एक वळण मी साठाचं केलं, ते म्हणाले,
विचारलं नव्हतं तरी.
एका बाजूला खुरीस, दुसऱ्या बाजूला घुमटी,
दोघांपैकी कुणीच सरकायला तयार नाही.
मग चाळीसची पाटी लावली.
पाटी वाचायला माणूस जागा लागतो, बाय.
कुत्र्याने कूस बदलली.
कोडात लिहिलंय, दिसल्यापासून ब्रेकपर्यंत अडीच सेकंद.
त्यांनी ते मोजून दाखवले, मोठ्याने,
आणि ते फारच लांबले.

परतीच्या कदंबमध्ये मी ड्रायव्हरच्या मागे बसले.
बसवाला उंच बसतो, कोडातल्यापेक्षा हातभर जास्त,
तरी वळणावर त्याला काय दिसतं ते मला दिसेना.
आधी नुसता भोंगा ऐकू आला,
मग पोदेराची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक,
मग सायकल,
सगळ्यात शेवटी पाय.

रिपोर्टच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं:
थांबण्यासाठीचं दृश्य अंतर साठ मीटर,
वस्तूची उंची शून्य दशांश एक पाच.
आणि शेजारी, समासात, पेन्सिलीने,
चार-पाच शब्द.

सरांची लाल शाई: हे काय?
समास स्वच्छ ठेवावा.
दोन गुण कापले.
त्रिज्या बरोबर होती.